ऑनलाइन इंग्रजी शिकवणी : जाहिरातीतला दर आणि हातात पडणारे पैसे

पेन्शन, विमा, मुदत ठेवी हे विषय आपण आधीच्या भागांत घेतले. आजचा विषय तुमच्याकडून आला आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रेक्षकांनी थोड्याफार फरकाने एकच गोष्ट विचारली. घरात शिकलेली सून आहे किंवा मुलगी आहे, बी.एड. झालेली आहे, इंग्रजी चांगलं आहे. बदलीमुळे किंवा लहान मुलामुळे शाळेतली नोकरी सुटली. आता मोबाइलवर जाहिरात दिसते : घरबसल्या मुलांना इंग्रजी शिकवा, तासाला ३०० रुपये, महिन्याला ४०,००० पर्यंत कमवा. हे खरं आहे का, आणि करावं का?

माझं उत्तर आधी सांगतो आणि कारणं मग. काम खरं आहे. बहुतेक ठिकाणी पैसेही मिळतात. पण जाहिरातीतला दर हा तुम्ही शिकवलेल्या तासाचा असतो, तुम्ही दिलेल्या तासाचा नसतो. या दोन तासांमध्ये जे अंतर आहे त्यातच सगळी गोम आहे.

फौजेत पहाऱ्यावरचा जवान रात्रभर उभा राहतो. बहुतेक रात्री काहीही घडत नाही. म्हणून कोणी त्याचा पगार कापत नाही, कारण वाट पाहणं हीच त्याची ड्यूटी आहे. शाळेतल्या शिक्षिकेचंही तेच. मोकळ्या तासाला ती शिक्षक-खोलीत बसून वह्या तपासते, तेव्हाही तिचा पगार चालू असतो. ऑनलाइन शिकवणीत हाच भाग काढून टाकलेला आहे. वाट पाहण्याचे पैसे कोणीच देत नाही, ती तुमच्या खात्यावर.

आधी ते ४०,००० तपासून पाहू. तासाला ३०० धरले तर ४०,००० साठी महिन्याला सुमारे १३३ तास प्रत्यक्ष वर्ग घ्यावे लागतात. महिन्याला २६ दिवस काम केलं तरी रोज पाच तासांच्या वर. आता मुलं मोकळी कधी असतात ते बघा. चार-पाचला शाळेतून येतात, खातात, खेळतात, नऊ-साडेनऊला झोपतात. म्हणजे दिवसाकाठी शिकवता येण्याजोगे तासच जेमतेम चार. रोज संध्याकाळचं प्रत्येक मिनिट भरलं, एकही मूल गैरहजर राहिलं नाही, तरी भारतातल्या मुलांवर ४०,००० चा आकडा बसत नाही. जाहिरातीत 'पर्यंत' हा एक शब्द असतो. सगळं वजन त्याच्यावर आहे.

आता एक खरा हिशेब सांगतो. आमच्या रेजिमेंटमधल्या एका सुभेदार साहेबांची मुलगी मला काका म्हणते. बी.ए., बी.एड. आहे, नवरा पोस्टिंगवर आणि ती दोन वर्षांच्या मुलाला घेऊन बेळगावला सासरी. तिने असं काम घेतलं तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं की चार आठवडे एक वही ठेव, आणि फक्त वर्गाचे नाही, खुर्चीत बसल्यापासूनचे तास लिही. वडिलांची शिस्त मुलीत उतरलेली आहे. वही इतकी नेटकी होती की एखाद्या क्वार्टरमास्टरने सही करावी.

दर होता अर्ध्या तासाच्या वर्गाला १५० रुपये. तिने आठवड्याचे सहा दिवस, संध्याकाळचे चार-चार तास उघडे ठेवले होते. चार आठवड्यांचे झाले ९६ तास, म्हणजे अर्ध्या तासाचे १९२ स्लॉट. त्यातले १०४ भरले आणि ८८ रिकामे गेले. रिकाम्या स्लॉटमध्ये ती काय करत होती? लॅपटॉपसमोर बसून होती. कारण दहा मिनिटं आधीसुद्धा वर्ग लागू शकतो, आणि लागला की हजर राहायचं.

भरलेल्या १०४ पैकी ७६ वर्ग नेहमीचे, त्यांचे ११,४०० रुपये. १४ वर्ग 'डेमो', त्यांचे प्रत्येकी ५० प्रमाणे ७००. नऊ वेळा मूल आलंच नाही, तेव्हा निम्मे पैसे, म्हणजे ६७५. तीन वर्ग पालकांनी आयत्या वेळी रद्द केले, त्यांचे शून्य. आणि दोन वर्ग वीज गेल्यामुळे तिच्याकडून चुकले, त्याचा दंड ३००. झाले १२,४७५. त्यातून ब्रॉडबँड आणि पर्यायी सिमकार्डाचा डेटा यांचे १,००० वजा करा. उरले ११,४७५.

आता तास. खुर्चीतले ९६. प्रत्येक वर्गानंतर पालकांसाठी अहवाल लिहायचा, त्याला सहा-सात मिनिटं लागतात, त्याचे धरा नऊ तास. तयारीचे १५. शनिवारच्या मीटिंगांचे चार. एकूण १२४. भागाकार तुम्हीच करा. तासाला साधारण ९२ रुपये पडतात. टीडीएस मी यात धरलेलाही नाही, त्याचं पुढे सांगतो.

मी हे तिला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "काका, कमी आहेत, पण घरात बसून शून्य मिळत होते." तिचं चुकीचं नाही. ९२ रुपये घ्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. माझं म्हणणं इतकंच की निर्णय ९२ चा आकडा समोर ठेवून करा, ३०० चा ठेवून नको. शाळेची कमी पगाराची का असेना, पण नियमित नोकरी सोडून कोणी इकडे येत असेल तर मी सरळ नको म्हणेन.

डेमो वर्गाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण बाहेरच्यांना तो शिकवणीचा भाग वाटतो. खरं तर तो विक्रीचा भाग आहे. मुलाला एक वर्ग फुकट, आणि त्यानंतर पालकांनी सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं पॅकेज घ्यावं ही अपेक्षा. त्या अर्ध्या तासात शिक्षिकेने मुलाची पातळी ओळखायची, त्याला हसवायचं, त्याच्याकडून एक छान वाक्य वदवून घ्यायचं, आणि शेजारी बसलेल्या आईला पटवायचं. पॅकेज विकलं गेलं तर शिक्षिकेला थोडा बोनस, नाही विकलं तर ५० रुपये. काही ठिकाणी तेही नाहीत. शिवाय किती डेमोंमागे किती प्रवेश झाले ही टक्केवारी ठेवली जाते, आणि ती कमी असेल तर नेहमीचे वर्ग कमी मिळतात. म्हणजे विक्रेत्याचं काम शिक्षिकेच्या दरात, आणि तेही निम्म्याहून कमी दरात. मुलाखतीत हा एक प्रश्न हमखास विचारा : महिन्याला डेमो किती घ्यावे लागतील, आणि प्रवेश झाला नाही तरी त्याचे किती मिळतील?

कामाची परिस्थिती म्हणाल तर ती बाहेरून वाटते तितकी आरामाची नाही. कॅमेरा सतत चालू, वर्ग रेकॉर्ड होतो, आणि नंतर कोणीतरी तो पाहून गुण देतं. पालक पाच ताऱ्यांपैकी तारे देतात. सहा वर्षांच्या मुलाला झोप येत होती म्हणून त्याने तीन तारे दाबले, तरी ते शिक्षिकेच्या नावावर. ज्यांनी मुलांना शिकवलं आहे त्यांना कळेल की पडद्यावरून सहा वर्षांच्या मुलाचं लक्ष अर्धा तास धरून ठेवणं हे मोठ्यांच्या वर्गापेक्षा दमवणारं असतं. हातवारे मोठे करावे लागतात, आवाज चढा ठेवावा लागतो. सलग पाच-सहा वर्गांनंतर घसा बसतो. आणि घरात आपलं मूल दाराबाहेर रडत असेल तर चेहरा बदलू द्यायचा नाही.

घड्याळ हा दुसरा भाग. परदेशातल्या भारतीय मुलांना शिकवलं तर दर बरा मिळतो, म्हणून अनेकजणी तिकडे वळतात. पण आधी घड्याळ लावून बघा. दुबईत संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे साडेसहा. हे जमतं. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच. कॅलिफोर्नियात तेच पाच म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, ते लवकर उठणाऱ्याला शक्य आहे. म्हणजे 'अमेरिकेतली मुलं' एवढं ऐकून होकार देऊ नका, अमेरिकेत कुठली ते विचारा. त्यात नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चमध्ये पुढे येतात, आपली जागेवर राहतात. त्या आठवड्यात तुमचे सगळे वर्ग एका तासाने सरकतात आणि आखाती मुलांच्या किंवा घरच्या वेळेवर आदळतात. रात्रपाळी मी आयुष्यभर केली आहे. तिची किंमत शरीर वसूल करतं, आणि फौजेत निदान दुसऱ्या दिवशी विश्रांतीचा आदेश असायचा.

आता हा धंदा आला कुठून तेही समजून घ्या, म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. त्याचं मोठं मैदान होतं चीन. २०१३ मध्ये बीजिंगमध्ये व्हीआयपीकिड नावाची कंपनी निघाली. अमेरिका आणि कॅनडातल्या पदवीधरांनी आपल्या घरून चिनी मुलांना २५ मिनिटांचा वर्ग घ्यायचा, मूळ दर वर्गाला सात ते नऊ डॉलर, बोनस धरून तासाला १४ ते २२ डॉलर अशी जाहिरात. हजारो अमेरिकी शिक्षिका पहाटे उठून शिकवत, कारण तिथली पहाट म्हणजे बीजिंगची संध्याकाळ. तिकडच्या शाळाशिक्षकांचे पगार पुरत नसल्याने अनेकांचे घरहप्ते या पैशांवर चालत.

२४ जुलै २०२१ ला चीन सरकारने मुलांवरचा गृहपाठाचा आणि शिकवण्यांचा भार कमी करण्याचं धोरण जाहीर केलं. त्यात शालेय विषयांच्या शिकवणी कंपन्यांनी नफा कमवू नये, शनिवार-रविवार वर्ग घेऊ नयेत असं होतं. आणि परदेशात बसलेल्या परदेशी व्यक्तींकडून शिकवून घेण्यास बंदी होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात व्हीआयपीकिडने परदेशी शिक्षकांच्या वर्गांची नवी विक्री थांबवली. दुसऱ्या काही कंपन्या तर बंदच झाल्या. दुसऱ्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या कार्यालयातून एक कागद निघाला आणि ओहायोमधल्या बाईचा घरहप्ता अडला. तिला ना नोटीस-पगार, ना भरपाई, कारण करारात ती कर्मचारी नव्हतीच, 'स्वतंत्र कंत्राटदार' होती.

भारतीयांना त्या चिनी बाजारात फारशी जागा नव्हती. कारण इंग्रजी नव्हतं, पासपोर्ट होता. जाहिरातींत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका एवढीच नावं असत. उत्तम इंग्रजी शिकवणारी पुण्याची किंवा कोचीची शिक्षिका अर्जाच्या पहिल्या रकान्यातच बाद. फिलिपिन्सच्या शिक्षकांना काम मिळालं, फिफ्टीवनटॉकसारख्या चिनी कंपनीने आणि रेअरजॉबसारख्या जपानी कंपनीने ते मोठ्या संख्येने घेतले, पण अमेरिकनांपेक्षा बऱ्याच कमी दराने. मनिला आणि बीजिंगचं घड्याळ एकच, टोकियो एका तासाने पुढे. काम तेच, मूल तेच, पुस्तकही बहुधा तसंच. दर मात्र जन्मस्थळावरून. मला हे आवडत नाही, पण ते तसं आहे आणि हिशेबात धरावं लागतं.

आज भारतातून ज्या परदेशी मंचांवर शिकवता येतं त्यांपैकी प्रेप्लीचं उदाहरण घेऊ. तिथे दर तुम्ही स्वतः ठरवता, हे चांगलं. पण नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्गाचे पूर्ण पैसे मंच ठेवतो, आणि पुढच्या वर्गांवर सुरुवातीला ३३ टक्के कमिशन घेतो. शिकवलेले तास वाढतील तसं ते उतरत उतरत १८ टक्क्यांवर येतं, पण तिथे पोहोचायला ४०० तास व्हावे लागतात. म्हणजे जो नवा आहे, ज्याला पैशांची जास्त गरज आहे, त्याच्याकडूनच जास्त कापलं जातं. कॅम्ब्लीसारख्या मंचावर दर मिनिटाला मोजतात. अनेक वर्षं तिथला दर मिनिटाला १७ सेंट आणि मुलांच्या वर्गाला २० सेंट असा राहिला आहे. पण तिथेही आधी पाहतात ते शिक्षकाची मातृभाषा इंग्रजी आहे का.

आता कायदा. करारात 'स्वतंत्र कंत्राटदार' लिहिलं की भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही, २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा नाही. मुलीबाळींच्या कामाबद्दल बोलतोय, म्हणून हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पण कागदावर लिहिलं म्हणजे तेच सत्य, असं आपल्याकडचा कायदा मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सौराष्ट्रातल्या मिठागरांवरच्या अगरियांबद्दल निकाल दिला होता. कंपनी म्हणत होती, हे आमचे कामगार नाहीत, कंत्राटदार आहेत. त्यांना रोजाने नव्हे तर मणामागे पैसे मिळत, आणि कसाला न उतरलेलं मीठ कंपनी नाकारत असे. न्यायालयाने पाहिलं की काम काय करायचं एवढंच नव्हे, ते कसं करायचं यावरही देखरेख कंपनीचीच आहे, आणि त्यांना कामगार मानलं. मला हा निकाल वाचताना त्या १५० रुपयांच्या वर्गांची आठवण झाली. पुस्तक कंपनीचं, पद्धत कंपनीची, तपासणी कंपनीची, दर कंपनीचा. ऑनलाइन शिक्षिकांना हा निकाल आपोआप लागू होतो असं मी म्हणत नाही. ते एखाद्या न्यायालयाने ठरवायचं आहे. पण 'तुम्ही सही केलीत, आता बोलायला जागा नाही' असं कोणी म्हटलं तर ते पूर्ण खरं नाही.

दरम्यान सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या आहे, आणि मंचांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद आहे. ती रक्कम कामगारांना दिलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावी अशी मर्यादाही आहे. मंचांच्या यादीत शिकवणी हा शब्द नाही, पण व्यावसायिक सेवा पुरवणारे मंच आहेत आणि शेवटी 'इतर कोणतीही सेवा' असंही आहे. तेव्हा ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद करून ठेवायला हरकत नाही. वय १६ ते ५९ असावं लागतं. माझ्या वयाच्या मंडळींना ते दार बंद.

करांचं थोडक्यात. भारतीय कंपनी तुम्हाला व्यावसायिक फी म्हणून पैसे देत असेल आणि वर्षाची रक्कम ५०,००० च्या वर जात असेल तर १० टक्के टीडीएस कापला जातो. बऱ्याचजणी ते पैसे गेले असं समजून सोडून देतात. गेलेले नाहीत. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. फक्त कंपनीने तुमच्या पॅनवर खरोखर भरलेत ना, हे २६एएसमध्ये पाहा.

मग दुसरी वाट काय? स्वतःचा वर्ग. ओळखीतली चार मुलं, साधी व्हिडिओ कॉलची सोय, महिन्याला बारा तास, प्रत्येकी १,२०० रुपये. झाले ४,८०० आणि तासाचे पडले ४००. मधे कोणी नाही, डेमो नाही, तारे नाहीत. तयारीचा वेळ धरला तरी दर मंचाच्या दुपटीहून वर राहतो. अडचण अशी की मुलं स्वतः शोधावी लागतात आणि फी स्वतः मागावी लागते. आपल्याकडे ओळखीच्यांकडे फी मागायला जीभ रेटत नाही. त्याला उपाय एकच : महिन्याच्या पहिल्या तारखेला आगाऊ फी, सगळ्यांना सारखा नियम, पहिल्या दिवशीच सांगायचा. सुभेदार साहेबांच्या मुलीने आता मंचावरचे तास निम्मे केले आहेत आणि कँटोनमेंटमधल्या पाच मुलांचा स्वतःचा वर्ग सुरू केला आहे. ही मुलं वडिलांच्या बदलीबरोबर गाव बदलतात, पण वर्ग सुटत नाही. एक आता जोधपूरहून शिकतो.

मंचावर जाणारच असाल तर सही करण्याआधी काय पाहायचं ते सांगतो. प्रशिक्षणासाठी, किटसाठी, प्रमाणपत्रासाठी कोणी तुमच्याकडे पैसे मागितले तर तिथेच उठा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. पैसे कोणत्या तारखेला येतात ते विचारा. महिना संपल्यावर ४५ दिवसांनी येणार असतील तर दीड महिन्याची मेहनत तुम्ही उसनी देताय. वीज किंवा नेट गेलं तर दंड किती, आणि महिन्यात किती वेळा माफ? तुमच्याकडचं मूल दुसऱ्या शिक्षिकेला दिलं तर तुम्हाला आधी कळवणार का? वर्गाचं रेकॉर्डिंग जाहिरातीत वापरणार असतील तर तुमची परवानगी घेणार का? आणि काम सोडताना शेवटच्या महिन्याचे पैसे अडकवता येतील असं कलम करारात आहे का, ते स्वतः वाचा.